आतून आलेले उत्तर

मी, खाली सही करणारी, वय ४४ वर्षे, शिक्षण पदवीपर्यंत, धंदा नोकरी (लष्करी संग्रहालयात निवेदिका), राहणार संग्रहालयामागील कर्मचारी वसाहत, पहिला मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून पुरवणी जबाब देते की,

रविवारच्या अपघाती मृत्यूबद्दल माझा जबाब काल नोंदवलेला आहे. त्यात 'आतून उत्तर आल्याचे मी ऐकले' असे वाक्य आहे. त्या वाक्यापुरते सांगायला मी आज आपणहून आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही.

संग्रहालयाच्या मैदानावर दर रविवारी जुन्या चिलखती गाड्यांचे प्रात्यक्षिक होते. सगळ्यात शेवटी विमानविरोधी गाडी येते. तिच्या वरच्या फिरत्या बुरुजात चार नळ्यांची तोफ आहे. तोफ निकामी केलेली आहे, पण नळ्या आकाशाकडे उचलल्या जातात आणि बुरुज गोल फिरतो. लोक त्यासाठीच थांबतात. नळ्या आत बसलेला माणूस हाताच्या चाकाने उचलतो. बुरुजाच्या मोटरचे बटण मात्र लांब वायर लावून गाडीच्या मागे आणलेले आहे. ते गाड्यांची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींच्या हातात असते.

आत काका बसत. सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी ते अशाच गाडीवर गनर होते. मिस्त्री त्यांचे जावई.

बुरुज फिरताना आतल्या माणसाने बैठकीवरच असावे लागते, कारण बैठकीखाली फिरता भाग आणि स्थिर भाग यांच्यात फट आहे. म्हणून पद्धत अशी, की मिस्त्रींनी बाहेरून चिलखतावर पान्याने दोन ठोके द्यायचे, काकांनी आतून हातोडीने दोन ठोक्यांचे उत्तर द्यायचे, आणि मगच बटण. मी बाजूला माइक घेऊन उभी असते. ठोके झाले की मी म्हणते, "आणि आतून उत्तर आलं!" मुले टाळ्या वाजवतात. हे वाक्य मी कित्येक वर्षे म्हणत आहे.

त्या दिवशी काकांना दम लागत होता. बूट घालताना ते मध्येच थांबले. आज राहू द्या, असे मी म्हटले. ते म्हणाले, "बाई, चढेपर्यंतच काय तो म्हातारा असतो मी. आत बसलो की संपलं." सासऱ्यांना गाडीतून काढायचे तर आधी गाडी मोडीत काढावी लागेल, असे मिस्त्री म्हणाले. काका हसले. घरी दोघे एकमेकांशी फारसे बोलत नसत, असे काकांची मुलगी सांगते. जे काय बोलणे होते ते गाडीपाशीच.

गाडी मैदानात उभी राहिली. नळ्या वर गेल्या. मिस्त्रींनी दोन ठोके दिले. मी माझे वाक्य म्हटले. बुरुज फिरू लागला आणि थोडा फिरून अडकला. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री वर चढले. त्यापुढचे कालच्या जबाबात आहे आणि ते बरोबर आहे.

काका बैठकीखाली होते. हातोडी बैठकीजवळच्या कड्यात अडकवलेली होती. चष्मा तळाशी होता. तो उचलायला ते वाकले की चक्कर येऊन पडले, मला माहीत नाही.

आतले उत्तर ऐकू आले नव्हते तरी बटण दाबले, अशी कबुली मिस्त्रींनी दिली आहे. काल माझा जबाब झाल्यावर मी त्यांना इथेच पाणी नेऊन दिले. तेव्हा ते म्हणाले, "ताई, मागे इंजिनापाशी मला आतले ठोके कधीच ऐकू येत नाहीत. पहिल्यापासून मी तुमच्या आवाजावर बटण दाबतो." हे जबाब घेणाऱ्या साहेबांना का सांगितले नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "सांगून काय? हात माझाच होता."

मला हे माहीत नव्हते. मी प्रेक्षकांशी बोलते आहे, असेच मी समजत होते.

घरी गेल्यावर मी ते उत्तर आठवून पाहिले. ते स्पष्ट आठवते. पहिला ठोका जोरात, दुसरा हलका. काकांचा दुसरा ठोका नेहमी हलका असे. मग मी त्याआधीचा रविवार आठवला. तेच ठोके. मग पावसामुळे प्रात्यक्षिक रद्द झाले होते तो रविवार आठवला. त्या दिवशी गाडी शेडमधून हललीसुद्धा नव्हती. तरी तेच ठोके, तसेच. आज सकाळी बादली भरताना ते पुन्हा ऐकू आले. मी नळ बंद करून उभी राहिले.

संचालकसाहेबांना मी फोनवर हे सांगितले. निवेदन हा सुरक्षेचा भाग नाही, तुमचे काम बोलायचे, मिस्त्रींनी कबूल केलेच आहे तर तुम्ही मध्ये पडू नका, असे ते म्हणाले.

आत येताना काकांची मुलगी दाराबाहेर बाकावर बसलेली दिसली. दोन दिवसांत ती नवऱ्याशी एक शब्दही बोललेली नाही. तिने मला विचारले, "बाबांच्या उत्तरासाठी क्षणभर थांबले असते तर? एवढी कसली घाई होती हो ह्यांना?" मला तिच्याजवळ बसता आले नाही.

तरी कालचे वाक्य काढून माझे म्हणणे असे नोंदवावे. आतून उत्तर आले की नाही, हे मला माहीत नाही. उत्तर आले, असे मी माइकवरून सांगितले. मिस्त्रींनी घाई केली नाही. ते थांबले होते. माझ्या आवाजासाठी थांबले होते, आणि तो आला.

जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला गेला. हवालदारांनी तो सहीसाठी पुढे केला, तेव्हा आधी मोठ्याने वाचावा आणि वाचताना दार उघडे ठेवावे, अशी विनंती मी केली. ती मान्य झाली. वाचून झाला. मी ऐकला. बाहेर बाकावरही ऐकू गेला. बरोबर आहे.