डॉन देल्मारसाठी भाव वाढत नाहीत

—नाही नाही, त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय डुगडुगतो. इकडे बसा, पंख्याखाली. आणि जरा हळू बोलू आपण, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. पाहिलंत ना दारातून? टांगलेल्या झोळीत झोपलेत ते. वाळलेत, हो, माहितीये मला — मीच रोज अंघोळ घालते, मला नाही कळणार? पण जागे झाले की बघा, आवाज अजून तसाच आहे, अख्ख्या सांतियागो वस्तीला ऐकू जाईल असा. घ्या, सरबत घ्या. अंबाडीच्या लाल बोंडांचं आहे. साखर बेताची आहे, त्यांच्यामुळे घराला सवयच तशी लागलीये. स्पॅनिश छान बोलता हो तुम्ही. बोलणारच म्हणा — 'माझी मार्लिस ओहायोत शाळेत स्पॅनिश शिकवते' — हे इथे कुणाला माहीत नाही? चांभाराला माहितीये, चर्चमधल्या फादरना माहितीये, कोपऱ्यावर मक्याच्या भाकऱ्या विकणारी बाई तर तुमच्या घराच्या खिडक्या कुठल्या रंगाच्या ते सांगेल. पिवळ्या ना? बघा.

काय विचारत होतात मगाशी? हां — महिन्याला किती लागतात इथे. विचारा की, बिनधास्त विचारा, मला राग नाही. बाप परक्या बाईच्या हाती आहे, मग मुलीनं हिशेब विचारायचा नाही तर कुणी? पण एका आकड्यात कसं सांगू? ते आले तेव्हाचं मेरिदा शहर निराळं आणि हे निराळं. तेव्हा काय रुबाब होता त्यांचा! तुमची आई गेली, दवाखान्याच्या बिलात घर गेलं, साखरेच्या औषधाचा भाव तिकडे सोन्याचा — आणि इथे उतरल्या उतरल्या तोच माणूस निळ्या फरश्यांच्या पोहण्याच्या तलावाचं घर भाड्यानं घेतो, दर गुरुवारी दहा माणसं जेवायला बोलावतो! मी आठवड्यातून तीन दिवस जायची, झाडलोट, स्वयंपाक. आंबट संत्र्यात मुरवलेलं डुकराचं मटण केलं की बोटं चाटायचे आणि म्हणायचे, 'मिर्ना, तिकडे मी म्हातारा होतो, इथे मी राजा आहे.' आणि हे नुसतं मलाच सांगून थांबतील तर ते डॉन देल्मार कसले! सगळी गल्ली मानानं 'डॉन' म्हणते त्यांना, ते उगीच? संगणकावर बसून जगाला सांगायचे. दाताचा डॉक्टर इतक्यात, पपई इतक्यात, घर इतक्यात. मीही होते त्यात. एकदा वाचून दाखवलं मला — आंब्यांच्या खाली होतं माझं नाव. 'मिर्ना, तीन दिवस, इतके पेसो.' मी हसले. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं, आपलं नाव कुठेतरी छापून आलं म्हणून.

आणि मग आले ना लोक. का नाही येणार? इतकं गोड लिहायचे ते. बाजारात हात धरून सांगायचे त्यांना — तुमचं वाचून आलो आम्ही, देव तुमचं भलं करो. एकानं गल्लीच्या तोंडाचं घर घेतलं, दुसऱ्यानं त्याच्या शेजारचं, रंग दिला, तलाव खणला, रात्रीच्या भाड्यानं द्यायला लागले. मग तलाववाल्या घराच्या मालकाला स्वप्न पडलं. चांगला माणूस हो तो, रडवेला होऊन आला होता — डॉन देल्मार, तुम्ही महिन्याला देता तेवढे मला पाहुणे चार रात्रींत देतात, मी काय करू? ह्यांनी काय करावं? त्याची पाठ थोपटली, आणि बाडबिस्तरा उचलला. मग लहान घर. मग त्याहून लहान. वर तिकडचा डॉलर इथे येऊन दुबळा झाला — पेन्शन तेवढीच, पण हातात पेसो पडायचे कमी. मी एकदा म्हटलंसुद्धा, 'आता तरी लिहू नका.' तर म्हणाले, 'लिहीत नाही गं मिर्ना, पण लिहिलेलं पुसताही येत नाही.'

तलाव? अहो तोच तर सांगितला, तो गेला... काय म्हणता, गेल्या महिन्यात फोनवर? तलावाकाठी बसलोय म्हणाले? हां. ते — आता कसं सांगावं — परसात धुण्याचं मोठं घंगाळ आहे ना, पत्र्याचं, त्यात पाणी भरायला लावतात मला आणि पाय बुडवून बसतात. तुमचा फोन यायचा असला की. मधूनमधून खळखळ करतात पायानं. ऐकू गेली असेल ना? मला म्हणतात, पाणी आहे, पाय पाण्यात आहेत, मग खोटं कुठे बोललो? हसू नका — नाही, हसा, हसण्यासारखंच आहे. मीही हसते.

डोळे? डोळे साखरेनं नेले. आधी डावा, मग पावसाळ्यानंतर उजवा. तेही नाही सांगितलं? ...मला वाटलं निदान ते तरी सांगितलं असेल. प्या, पाणी देऊ का दुसरं? — तेव्हा मी शहराबाहेर, कानासीन गावाच्या पुढे राहत होते, बहिणीकडे, मोठ्या वळणरस्त्याच्या पलीकडे. माझंही भाडं वाढलं होतं की, भाडं काय फक्त गोऱ्यांचंच वाढतं? दोन बस बदलून यायची इथे. एक दिवस आले तर हे गॅसपाशी उभे, बाही जळलेली, आणि म्हणतात, 'मिर्ना, वास कसला येतोय?' त्या दिवशी ठरलं. तेच म्हणाले — तुझ्याकडे पाय आहेत, डोळे आहेत, माझ्याकडे पेन्शन आहे, एक घर घेऊ. लोक बोलले. बोलूदेत. मला सगळे सांगतात, मिर्ना तू पुण्य करतेयस. कसलं पुण्य? इथून चार घरं सोडून जन्म झाला माझा. ते लाकडी दरवाज्याचं घर, आता तिथे कॉफी मिळते, ती मला परवडत नाही. पेन्शनवाला आंधळा मिळाला म्हणून मला माझी गल्ली परत मिळाली, बाई. रविवारी घंटा झाली की चालत चर्चला जाता येतं, ओढणी सावरत, शेजारणीशी बोलत. बसमध्ये घाम गाळत नाही. एवढ्यासाठी मी कुणाचंही गू-मूत काढलं असतं. आता बोलूनच गेले तर बोलून गेले.

नाही, पण जीव लागला, तेही खरं. बाजारात नेते ना मी त्यांना शनिवारी. सगळ्या जणींना आधीच सांगून ठेवलंय — त्यांना जुने भाव सांगायचे. टोमॅटो? जुना भाव. एवोकाडो? जुना. ते बोटांनी नोटेची लांबी चाचपतात, देतात, वर घासाघीस करतात! आणि मी मागून डोळ्यांनी खुणावते, उरलेलं नंतर देते. कुठून देते? दोन घरी इस्त्री करते सकाळी, ते झोपेत असताना. परवा घरी येताना काय म्हणाले माहितीये? 'मिर्ना, सगळ्या जगात महागाई झाली, फक्त आपल्या एवोकाडोवालीला अजून बातमी लागलेली नाही.' असं म्हणून माझा दंड जरा जोरात धरला. बस. पुढे एक शब्द नाही. तर माहितीये त्यांना. सगळं माहितीये. पण शनिवार आला की पुन्हा घासाघीस.

म्हणून तुम्हाला फोन केला मी. त्यांना न विचारता केला, कळलं तर माझ्याशी बोलणार नाहीत. हे घर विकलंय, बाई. मालकाच्या मुलांनी. रिकामं करून द्यायचंय ह्या महिनाअखेर. सांतियागोत आता आम्हाला कोंबडीचं खुराडंही मिळत नाही. बहीण मागची खोली देते म्हणते — पत्र्याची आहे, मे महिन्यात आत श्वास घेता येत नाही, आणि त्यांचं औषध थंडाव्यात ठेवावं लागतं, तिथे वीज दिवसात तीनदा जाते. नेईन मी, नाही असं नाही. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मिर्ना, साखरेनं ह्यांचे पायही धरलेत, ते तिथे टिकणार नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं. मुलगी आहे त्यांना, शिकलेली आहे, पिवळ्या खिडक्यांचं घर आहे. माझी गल्ली गेली तर गेली. ते तरी नीट जागी पडतील. तर आता तुम्ही सांगा — तिकीट कधीचं काढलंय? त्यांना कधी नेताय? त्यांचे गरम कपडे मी बाहेर काढून ठेवलेत, कसर लागली होती, उन्हात—

काय?

परत सांगा. हळू सांगा. तुमचं स्पॅनिश... नाही, कळलं मला. शब्द कळले. शाळेनं काढलं — केव्हा? गेल्या वर्षी. आणि घर? ...घरही. मग राहता कुठे? गाडीत म्हणजे? माणसं झोपतात ती गाडी? हिवाळाभर? अगं बाई, तिकडे तर बर्फ पडतो ना गं! अगं म्हटलं मी, माफ करा. म्हणजे मगाशी ते महिन्याला किती लागतात विचारलंत, ते त्यांच्यासाठी नव्हे. स्वतःसाठी. तुम्हाला वाटलं, तलाव आहे, दोन खोल्या जास्तीच्या असतील, बाबांजवळ राहू, स्वस्त आहे... आणि त्या दारातल्या दोन बॅगा, तेवढंच आहे का सगळं? तेवढंच. आणि मी मेली वेड्यासारखी तुम्हाला सांगत बसलेय त्यांचे स्वेटर उन्हात घातले म्हणून.

थांबा, मला विचार करू दे. पत्र्याच्या खोलीत झोळीचे हुक दोनच जोड आहेत. ते काही नाही, हुक ठोकता येतात. पण पेन्शन ठोकून लांब होत नाही. इथे काम? इंग्रजी शिकवायला तुमच्यासारखे पन्नास फिरतायत, कॉफीवाल्याच्या भिंतीवर कागद डकवून. धुणीभांडी? ती आमची कामं, त्यात तुम्हाला कोण घेईल, आणि घेतलं तर माझ्या बहिणीचं काय? नाही, वाईट वाटून घेऊ नका, मी कुणाला शिव्या देत नाहीये. इतकंच — तिघांना पुरत नाही हो. दोघांनाच पुरत नाही.

रडा, पण आवाज नको. आतल्या आत. मी पण तसंच करते, जमतं. ...कळू द्यायचं नाही म्हणता त्यांना? कसं कळू द्यायचं नाही? समोर येऊन बसलात की हात हातात घेतील, तुमचा चेहरा चाचपतील. हाताला काय खोटं सांगणार? रोज रात्री जेवताना एकदा तरी तुमचं नाव निघतं. मार्लिसच्या शाळेत असं, मार्लिसच्या अंगणात तसं. महागाई त्यांनी गिळली, डोळे गेलेले गिळले, पण हे... मला नाही सांगता येत, बाई. तुमचे वडील आहेत. उठवायचं तर उठवते. आत्ता उठवते. पण एकदा हाक मारलीत की ते तुम्हाला सोडणार नाहीत, त्या पत्र्याखालीसुद्धा स्वतःचं औषध विकून तुम्हाला ठेवून घेतील. तसा माणूस आहे तो. मग मला दोघांना — बसा ना. का उठलात? मी जा असं म्हटलं नाही. म्हटलं का मी? सरबत तरी संपवा. कुठे जाणार ह्या उन्हात, कुणी आहे का ओळखीचं? नाही ना? मग? ...

शू. हालले. झोळीची दोरी वाजली.

—आले, डॉन देल्मार, आले! —नाही हो, कुणी नाही. मीच बडबडत होते एकटी. तुम्ही नका उठू, मी येतेय.

...बॅग उचला, ओढू नका, चाकं वाजतात. एक ह्या बाजूनं मी धरते. उंबरा आहे पुढे. दार मी लावते, तुम्ही व्हा पुढे. जा.