कॅम्पातली शेजारीण

अगं, माझ्या बाळूला दात येत होते तवा आमचे हे लढाईवर गेलते. मी मूळची सदलग्याची. बेळगावात कॅम्पातल्या एका खोलीत एकटीच राहायची, ओळखीचं कुणी न्हाय. एक दिवस पोरगं सकाळपासनं रडून लालबुंद झालं, तशी शेजारच्या मद्रासी शिपायाची बायको आत आली. तिनं त्याला मांडीवर घेतलं, ज्येष्ठमधाची काडी चघळायला दिली. पोरगं गप झालं आणि मलाच रडू फुटलं. माझ्या पाठीवरनं हात फिरवत ती तिच्या भाषेत लई वेळ बोलत बसली.

पुढं गावी गेल्यावर सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग, काय म्हणत हुती गं ती?"

"एक शब्द कळला न्हाय, आत्याबाई. पर ती जायला उठली, तवा तिचा पदर माझ्या हातनं सुटंना."