सात नंबरची खोली

सुट्टीला आलेली माणसं दिवसभर करतात तरी काय हो मालक? नाही, खरंच विचारतोय. दादाला विचारलं होतं, तर तो नुसता हसला. वहिनीला विचारलं, ती म्हणाली, मला काय माहीत भाऊजी, मी कुठे गेलेय कधी? तुम्ही तर वर्षानुवर्षं बघताय, तुम्ही सांगा. बरं, राहू द्या. त्या चौकटीला तेवढा हात लावू नका, ओली आहे. ही शेवटची. बारा खोल्यांतल्या सात दादानं केल्या होत्या, उरलेल्या पाच मी केल्या, एकट्यानं, सहा दिवसांत – आणि आता तुम्ही जिना चढून मला सांगायला येता की सात नंबर दिली. दिली म्हणजे? कुणाला दिली? उद्या अकराच्या गाडीनं वहिनी येतेय, दोन्ही पोरांना घेऊन!

काय ठरलं होतं ते मी सांगतो. मी तिथेच होतो, तुमच्या काउंटरपाशी, हातात डबे घेऊन. बारा खोल्यांची दारं-खिडक्या घासायची, प्रायमर मारायचा, वर रंगाचे दोन हात. निम्मी मजुरी रोख, आणि निम्मीच्या बदल्यात शाळेच्या सुट्टीत चार दिवस समुद्राकडची खोली. तुम्ही म्हणालात, अरे सीझन सोडून ये, आठ दिवस देतो. दादा म्हणाला, मालक, सीझन सोडून समुद्र असतो हो, सुट्टी नसते. हसला होतात तुम्ही! हात मिळवला होतात. कागद केला नाही, कबूल – कागद आम्ही कधी कुणाशी केलाय? – पण म्हणून असं बोलायचं? ज्याच्याशी बोलणं झालं तो राहिला नाही. आत्ता म्हणालात ना? राहिला नाही! दोन महिन्यांपूर्वी तुमच्याच कामावर, तुमच्याच मागच्या भिंतीवरून खाली आला तो. भाडं थकवून पळून गेल्यासारखं काय बोलता, राहिला नाही.

आवाज चढतोय माझा, कळतंय मला. खाली पाहुणे आहेत. हळू बोलतो.

तुम्हाला वाटतं, ही माणसं कशाला येतायत, जिथे माणूस गेला तिथे मजा करायला? मलाही तेच वाटलं. मी म्हटलं, वहिनी, नको, पोरांना दुसरीकडे कुठेतरी नेऊ. ती भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ते चार दिवस त्यांनी कमावलेत भाऊजी. त्या माणसाला फुकट नाही सोडायची मी. – त्या माणसाला म्हणजे तुम्हाला, राग मानू नका. – आणि म्हणाली, त्यांनी रंगवलेलं मला बघायचंय. म्हटलं, चला मग. सहा महिने चाललंय हो घरात हे एकच. आगगाडी नको, स्टेशनपासून परत रिक्षा लागते. एसटी बरी, दारात सोडते. टॉवेल मला धरून चौघांत दोन. बॅग शेजारणीची, तिची चेन तुटलेली, वहिनीनं सेफ्टी पिना लावल्यात. स्वतःच्या जुन्या झग्यातून थोरलीला पोहायचे कपडे शिवलेत. थोरली म्हणते, आई, यात मी बुडाले तर उशी समजून कुणी बाहेरही काढणार नाही. बारक्या सहाचा आहे, पण तिकीट वाचवायला त्याला पढवलंय – कंडक्टरनं विचारलं तर चार सांग. तर तो म्हणतो, आणि मी हुशार दिसतो असं म्हणाला तर? त्याला वाळूसाठी बादली हवी होती. मी रंगाचा छोटा डबा टर्पेंटाइननं धुतला, तीनदा, साबणानं दोनदा, तरी वास जाईना. तो म्हणतो, असू दे काका, बाबांचा वास आहे.

आणि हे सगळं बांधून, पिना लावून ती उद्या इथे उतरणार, आणि तुम्ही काउंटरवरून म्हणणार, खोली नाही?

मग माझंही ऐका. आमचा मामा काय म्हणतो माहितीय? शिडी मालकाची होती. पायरी हलत होती. भरपाईचा अर्ज कर, खेच त्याला कचेरीत, हॉटेल विकून पैसे भरेल. मी अजून अर्ज केलेला नाही. वहिनी उतरली आणि तुम्ही नाही म्हणालात की त्याच पावली जाणार. शिडी अजून मागच्या भिंतीशी पडलीय, मी बघितलीय. हो, धमकीच म्हणा. बसा, बसा त्या खाटेवर, पांढरे पडलात तुम्ही. स्वयंपाकीणबाई सांगत होती – मालकांना झोप नाही म्हणे तेव्हापासून. रोज सकाळी मागे जातात, शिडी उभी करतात, एकेका पायरीवर पाय देऊन बघतात. खरंय ते? रोज? आणि – काय म्हणालात? एकही हलत नाही?

नाही हलत.

नाहीच हलणार मालक. कशी हलेल? शिडी चांगली होती. मी सकाळी स्वतः लावली होती, घट्ट होती. तुम्ही नका हो त्या पायऱ्यांवर नाचू या वयात, पडाल एखाद्या दिवशी. शिडीचं काही नाही. खिडकी होती ती. पाच नंबरची मागची खिडकी. तुम्हाला नाही कळायचं, रंगाच्या धंद्यातली गोष्ट आहे – रंग ओला असताना झडप लावायची नसते. कधीच नाही. लावली की चौकटीला चिकटून बसते, डिंक लावल्यासारखी. उघडी ठेवायची, वाऱ्यानं आपटू नये म्हणून दोरीनं बांधायची. दादानं मला पहिल्या दिवशी शिकवलेलं हे, पहिल्या! आणि आदल्या संध्याकाळी वारा सुटला, धूळ उडायला लागली, दोऱ्या कुठे सापडेनात, मला भूक लागली होती – मी फटाफट सगळ्या लावून टाकल्या. असाच आहे मी. दादा म्हणायचा, तुझे हात धावतात आणि डोकं मागून चालत येतं. सकाळी बाकीच्या मी ढकलून सोडवल्या, गुपचूप. ही एक निघेना. ही कुणी लावली रे, दादा म्हणाला. मी म्हटलं, वाऱ्यानं लागली असेल. त्यानं आतून ढकलून पाहिली, मग पत्ती घेऊन बाहेरून शिडीवर चढला, कडेकडेनं रंग कापत गेला, आणि झडप ओढली – ती काही हलेना, हलेना, आणि मग एकदम सुटली. अख्खी त्याच्या छातीवर. मी खाली चहा पीत होतो. कप माझ्या हातातच होता, नंतर किती वेळ, कुणीतरी काढून घेतला.

सगळे म्हणाले शिडी, मी म्हटलं हो, शिडी. वहिनीलाही तेच सांगितलंय.

आता कशाला बोललो मी हे? तुमच्यापुढे कशाला बोललो? आता तर तुम्ही खोली देणारच नाही, कशाला द्याल – कसली वही काढताय? काय लिहिताय? थांबा... अच्छा. तसं. हे कागदावर हवंय तुम्हाला. मी सही करायची, मग खोली.

लिहा. लिहा ना, मी कुठे नाही म्हणतोय. शिडी चांगली होती – लिहा. खिडकी धाकट्या भावानं लावली – लिहा. मालकाचा दोष नाही. आणि त्याच्याच खाली लिहा, सात नंबर, चार दिवस, तीन माणसं, दुसऱ्या पाहुण्यांना अकरा नंबर द्या, तीही समुद्राकडेच आहे आणि आता चकचकीत झालीय. गच्चीवर स्टोव्ह लावू द्यायचा, त्यांच्याकडे बाहेर जेवायला पैसे नाहीत – तेही लिहा. आता वाचून दाखवा. सावकाश. मला सलग वाचता येत नाही.

बरोबर आहे.

कागद मामाला दाखवा, कचेरीत द्या, कुठेही द्या. वहिनीला – वहिनीलाही दाखवा. पण पाचव्या दिवशी. बॅग भरून झाल्यावर. चार दिवस तिला तुमच्यावर राग असू द्या, तुम्ही तेवढं सोसा. मी थांबणार नाही. विचारलं तर सांगा, लांबच्या कामावर गेला. किल्ली तिच्याच हातात द्या.

अंगठा नको, सही येते मला. पेन द्या. इथे? – ही घ्या. जा आता तुम्ही.