चारी बाजूंनी शिवलेला खिसा

च्या पाजता आणि बडबड माझ्याकडून करून घेता. चौथी नापास माणसाकडून कॉलेजच्या गोष्टी कसल्या ऐकताय? बरं, ऐका.

अंबरनाथच्या कॉलेजातली एक मॅडम कॅम्प तीनला माझ्या कारखान्यात जीन्सची कातरणं मागायला आली. म्हणाली, "काका, पोरांना मनातलं बोलता येत नाही. खिसे शिवून घेते त्यांच्याकडून. आत काय ठेवायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं." मला वाटलं, हिचंच डोकं तपासायला हवं. तरी गेलो मशीन घेऊन, शिवायला शिकवायला.

आपल्या दत्तूची सोनल होती तिथे. तिने खिसा चारी बाजूंनी शिवून टाकला. मी ओरडलो, "अगं येडे, हात कुठून घालणार?"

मॅडमने मलाच गप्प केलं. सोनलला म्हणाली, "राहू दे बंद. कुणी उसवायचा ते तू ठरव."

दत्तूला कळलं, तसा माझ्या दारात येऊन बोंबलला, "म्हाताऱ्या, माझी पोरगी काय वेडी आहे? तू बिघडवलीस तिला!"

खिसे शिवायच्या शेवटच्या दिवशी आईबापांना कॉलेजात बोलावलं होतं. सोनलने बापाच्याच हातात कात्री दिली. त्याने टाके उसवले, खिसा उलटा करून झटकला.

"रिकामाच आहे की!"

"पप्पा, वर्षभर मला आतून असंच वाटतंय."

दत्तू तिथेच फरशीवर बसला, तिला जवळ घेऊन. मॅडम बाकीच्यांना घेऊन गुपचूप बाहेर गेली. मानलं बाईला!

आता बापलेक डॉक्टरकडे बरोबर जातात, संध्याकाळी फिरतात, पोरगी हसते. सगळं झालं, माझी माफी मागायची तेवढी राहिली. बिस्कीट काय बुडवत बसलायस, दत्तू?