सांभाळून ठेवण्यासाठी

(नेर, १९६५. कापसाच्या जिनिंगचे मालक आणि शाळेचे अध्यक्ष सदाशिवराव यांच्या घराची ओसरी. आत त्यांच्या पत्नी मैनाबाई. समोर खुर्चीवर बळीराम मास्तर, युगांडाहून नुकतेच परतलेले, नोकरी विचारायला आलेले.)

सदाशिवराव : थांबा मास्तर, थांबा. पासपोर्ट घेतला म्हंजे? हातातून हिसकला?

बळीराम : नाही भाऊसाहेब, गोड बोलून घेतला. मी शाळेत पोचलो त्याच दिवशी शाळेचे मालक शेठ म्हणाले, परका मुलूख आहे, हरवून बसाल, माझ्या तिजोरीत सांभाळून ठेवतो. मलाही वाटलं, किती काळजी करतात!

सदाशिवराव : अन् वापस मांगितला तेव्हा?

बळीराम : पहिली तारीख आली की मी त्यांच्या दाराशी जायचो. कधी किल्ली सापडायची नाही, कधी शेठ.

सदाशिवराव : हरामखोर! आपलाच देशी माणूस, अन् मास्तराले गुरासारखा बांधून ठेवते?

बळीराम : गुराला निदान खुंटा दिसतो.

सदाशिवराव : पण नोकरी तं इंग्रजी शिकवाची होती ना?

बळीराम : जाहिरातीत तसंच होतं. सकाळी शाळा. दुपारी शेठच्या पेढीवर बसून बाहेरच्या कंपन्यांना इंग्रजी पत्रं लिहायची. संध्याकाळी त्यांच्या मुलीला घरी शिकवायचं. आणि गावात कोणी मोठा माणूस आला, की कोट घालून फाटकाशी उभं राहायचं. नवा गालिचा दाखवावा तसे मला दाखवायचे.

सदाशिवराव : मास्तराच्या हातून पेढीची पत्रं! लाज नाही वाटली त्याले? शिकलेल्या माणसाची काही इज्जत हाय का नाही? बरं, यावरून आठवलं. मुंबईची एक कापसाची कंपनी मले इंग्रजीतच पत्र धाडते. मुनीमजीले काही समजत नाही. तुमी रिकाम्या वेळात पाहून देत जा.

बळीराम : रिकाम्या वेळात.

सदाशिवराव : तुमच्या सोयीनं हो! पेढीवर नाही बलावणार, इथंच घरी बसाचं. हे वेगळं हाय.

मैनाबाई : चहा घ्या गुरुजी.

सदाशिवराव : हे कप काहून काढले? बाहेरचा कप कुठी हाय?

मैनाबाई : फुटला.

सदाशिवराव : कधी?

मैनाबाई : आत्ताच. घ्या गुरुजी, थंडा होऊन राह्यला. मी आतून आयकून राह्यलती. मंग सुटले कसे तुमी त्याच्या हातून?

बळीराम : त्याच्याच मुलीनं सोडवलं, बाई. हंसा नाव तिचं, पहिलीतली. पुस्तक पाहिलं की पलंगाखाली जाऊन बसायची. मी पुस्तक ठेवून दिलं आणि चेंडू आणला. चेंडू पाहिजे असेल तर इंग्रजीत मागायचा. चेंडूनंतर पेरू, पेरूनंतर पेन्सिल. मग काय, दिसेल ते मागायला लागली. लेकराला घोकायला लावलं तर ते पळतं. मागायला काही असलं, की भाषा त्याच्या मागं आपोआप येते.

मैनाबाई : मंग?

बळीराम : शाळा तपासायला एक गोरा इन्स्पेक्टर आला. शेठनं त्याला घरी जेवायला बोलावलं. गावातले सगळे व्यापारी जमले. शेठनं हंसाला पुढं केलं, बेटा, इंग्रजीत काही बोलून दाखव. ती बापाकडे वळली आणि म्हणाली, "फादर, प्लीज गिव्ह माय टीचर हिज पासपोर्ट."

मैनाबाई : म्हंजे काय?

सदाशिवराव : म्हंजे, बाबा, माह्या मास्तराचा पासपोर्ट देऊन टाका. वा रे पोरी! पण मास्तर, तुमीच पढवलं असन.

बळीराम : नाही हो. मी पेन्सिलीपर्यंतच शिकवलं होतं. पासपोर्ट तिचा तिनं जोडला. मी शेठच्या दाराशी जायचो, तेव्हा ती पडद्याआड उभी असायची.

सदाशिवराव : अन् शेठ?

बळीराम : इन्स्पेक्टरनं टाळ्या वाजवल्या. व्यापाऱ्यांनी वाजवल्या. मग शेठनंही वाजवल्या. आणि किल्ली सापडली.

सदाशिवराव : हा हा! जिरली बेट्याची! पहा मास्तर, शेवटी आपला देश तो आपला देश. इथं तुमाले कोणी बांधून ठेवणार नाही. दिवाळीपासून पाचवीच्या पोरायले इंग्रजीचा मास्तर नाही. उद्यापासून या. संध्याकाळी आमच्या नातीले, नलूले, घंटाभर पाहा. चेंडू मी आणून देतो. अन् हे बी.ए., बी.टी.चे सर्टिफिकीट मूळचे हायेत ना?

बळीराम : मूळचे. पाहायला म्हणून आणले.

सदाशिवराव : ठीक. असू द्या माह्यापाशी.

बळीराम : नक्कल दिली आहे, भाऊसाहेब.

सदाशिवराव : नक्कल घेऊन काय चाटाचं हाय? आमच्या सगळ्या मास्तरायचे मूळ कागद तिजोरीतच असतात. तुमचं घर कुडाचं. उंदीर हाय, घूस हाय, पाऊसपाणी हाय. मी सांभाळून ठेवतो.

मैनाबाई : अवो, आत्ताच तं तुमी त्या शेठले...

सदाशिवराव : तू मधात नको बोलू. तो परदेश होता. हा विश्वासाचा मामला हाय. मांगचा मास्तर अर्ध्या वर्षात पळाला. नुकसान पोरायचंच झालं ना?

बळीराम : त्याचे कागद नव्हते तिजोरीत?

सदाशिवराव : होते.

बळीराम : तरी पळाला?

सदाशिवराव : वकिलाची नोटीस धाडून घेऊन गेला, नालायक!

बळीराम : भाऊसाहेब, माझे कागद द्या. नोकरी राहू द्या.

सदाशिवराव : अकडता काहून? तुमच्या समाजाच्या माणसाले मी सोताहून बलावलं. बाकी मेंबर तोंड वाकडं करून राह्यले, तरी बलावलं.

बळीराम : बोलावलंत, ते विसरणार नाही. मलाही यायचंच होतं. काल शाळेच्या खिडकीतून पाचवीचा वर्ग पाहिला. फळ्यावर दिवाळीआधीचा धडा अजून तसाच आहे. पोरं त्याच्याकडे पाहत बसली होती. फार वाईट वाटलं.

सदाशिवराव : मंग अडून कायले राह्यले?

बळीराम : अडलो नाही. आमच्या वस्तीत टिनाचं विहार आहे. शाळा सुटल्यावर मी तिथं बसत जाईन. ज्याला शिकायचं असेल त्यानं यावं.

सदाशिवराव : अन् पोटाले काय खासान?

बळीराम : भावाच्या वावरात कापूस फुटला आहे. वेचायला माणूस लागतोच.

सदाशिवराव : बी.ए. होऊन कापूस वेचसान?

बळीराम : कापूस सर्टिफिकीट ठेवून घेत नाही.

सदाशिवराव : घ्या! हे घ्या तुमचे कागद! पण नलूचं काय?

बळीराम : तिलाही पाठवा ना.

सदाशिवराव : तिथं? तुमच्या वस्तीत?

बळीराम : सतरंजी एकच आहे, सगळी पोरं तिच्यावरच बसतील. प्यायच्या पाण्याचा माठही एकच. आधी सांगितलेलं बरं.

सदाशिवराव : सदाशिवरावाची नात तिथं जाऊन बसन? गावात तोंड कोणतं दाखवू मी?

बळीराम : ते तुमचं तुम्ही पाहा. येतो, भाऊसाहेब. चहा चांगला झाला होता, बाई.

सदाशिवराव : जा! नागपूरहून मास्तर आणीन मी! नलू घरातच शिकन!

मैनाबाई : गुरुजी, जरा थांबा. किती वाजता पाठवू तिले?