रुमालाखाली ठरलेल्या दाढा

...अन् वर मला म्हणतो, "आबा, आ करा." मला! तुमाला सांगतो, बैलांचा हेडी हाय मी, इंदापूरच्या बाजारात जन्म गेला बैल घेण्या-इकण्यात, नुसता ओठ वर केला की सांगतो, ह्यो दोन दाती, ह्यो चार दाती, अन् ह्यो कवाच जुळलाय, सगळे दात आलेत, पण मालक वय खोटं सांगतोय... अन् बारामतीत त्या खुर्चीत मलाच उताणा पाडून एक पोरगं माझ्या तोंडात बॅटरी मारतंय. जनावराचा दात बघणारा माणूस मी, माझा दात कुणी बघावा?

तुमी म्हणाल, गेलाच कशाला? अहो, हौसंनं गेलो व्हय? दाढ अशी ठणकायला लागली की कानात कुणी पाचर ठोकतंय. लवंग धरली, तंबाखू कोंबली. आमची झुंबरबाई म्हणाली, "मिसरी जरा जास्त लावा, किडा मरतो." लावली. किडा न्हाय मेला, मीच मेलो. भिगवणपासनं जीपमध्ये गालाला उपरणं बांधून बसलो, तर शेजारचा इचारतो, "कुणाच्या मातीला निघालायसा?"

तर ते डॉक्टर पोरगं. अविराज नाव, कोऱ्हाळ्याचं, नुकतंच शिकून आलेलं. "आबा, दात कशानं घासता?" म्हटलं, मिसरीनं. "अन् रात्री?" रात्री? रात्री बैल कुणी धुतंय का बाबा? तर म्हणतो, "खाल्लेलं रातभर दातात बसतं, तितंच कीड लागती. अन् त्या जळक्या तंबाखूनं हिरड्या सैल झाल्यात. चार दाढा जाणार."

चार? अहो, दात पडलेल्या बैलाला बाजारात कोण दावं लावतं? मग बोळक्या हेड्याचं कोण ऐकणार? "बैल ऐन उमेदीत हाय" म्हणून सांगायचं अन् आपल्याच तोंडातनं नुसती हवा... धंदा बसला म्हणा की.

तेवढ्यात त्यानं माझ्या छातीवर रुमाल पसरला. आता सवय ती सवय. आमचा सौदा तोंडानं न्हाय होत, रुमालाखाली बोटं दाबून होतो. रुमाल दिसला अन् माझा हात आपसूक खाली गेला, त्याचा पंजा ओढला अन् एक बोट दाबलं. एकच दाढ. वाटलं, पोरगं दचकंल. कुठलं? हसलं, अन् माझी तीन बोटं दाबली! म्हटलं, आरं, कुणाचा तू? "आजा मेंढरं इकायचा, आबा."

झालं. मी एक, त्यो तीन. मी एक, त्यो तीन. नर्स मनिषा हातात सुई घेऊन उभी, तिला वाटलं म्हाताऱ्याला फिट आली. शेवटी दोनवर सौदा पटला.

"पण माझी अट," म्हणतो, हात अजून रुमालाखालीच, "राहिलेल्या दोन मी भरून वाचवतो. मिसरी बंद. सकाळी अन् रात्री झोपताना ब्रश. सहा महिन्यांनी येऊन आ करायचं." दाबला मी हात. रुमालाखालचा शब्द आमच्यात मोडत न्हाईत, मोडला त्याला बाजारात उभं करत न्हाईत.

दाढा निघाल्या, त्यानं कापूस कोंबला, अर्धा तास बोलू नका म्हणाला, अन् मग हळूच कानात... "आबा, काढायच्या दोनच होत्या."

चार सांगायचं अन् दोनवर उतरायचं! अहो, मी निम्मे बैल असेच इकलेत. मला बोलायचं हुतं, लई बोलायचं हुतं, पण तोंडात कापूस. जनावराचा दात बघणारा माणूस मी, अन् गाडीभर शिव्या गिळून घरी आलो.

आता रोज सकाळी मी अंगणात ब्रश घेऊन उभा, अन् झुंबरबाई समोर पायरीवर निवांत मिसरी लावत बसती. म्हटलं, "तू पण सोड की गं." तर म्हणती, "सौदा तुमी केला, मी कशाला सोडू?" बरोबरच हाय तिचं. पण खरं सांगू? तो वास आला की अजून तोंडाला पाणी सुटतं... अन् ब्रशाखाली त्याचाबी फेसच होतो.