चाकं चार, चेन एक

चाकं चार आणि चेन एक! नाही, हसू नका, तुम्हीच सांगा, गुडघाभर बर्फात, चढावर, गाडीची डिकी उघडून माणसाने पिशवीत हात घातला आणि हाताला दोनऐवजी एकच चेन लागली, तर त्याने काय करायचं? मी काय केलं माहितीये? पिशवी उलटी करून झटकली. जशी काही दुसरी चेन कोपऱ्यात शेंगदाण्यासारखी अडकून बसली होती.

चेन म्हणजे गळ्यातली नव्हे हां. टायरला बांधायची, लोखंडी कड्यांची जाळी, बर्फात चाक घसरू नये म्हणून. जोडीनेच येतात, जोडीनेच लावायच्या, एकाच बाजूला लावली तर गाडी भलतीकडेच वळते. आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही हो, मी इथे मिशिगनमध्ये, नोव्हाय गावात, ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत आहे, आयुष्य गेलं माझं लोकांच्या गाड्या थांबवण्यात.

तर आमच्या पद्मजाचे काका, मोरेश्वरकाका, रिटायर्ड डॉक्टर, बायपास झालेले, काकू गेल्यापासून एकटे... हे राहतात कुठे? मिशिगनच्या उत्तर टोकाला, मोठ्या पुलापलीकडे, जंगलात, तळ्याकाठी, लाकडाच्या केबिनमध्ये. "शांतता आहे हो जावईबापू." असणारच, तिथे बोलायला आहे कोण? संक्रांतीच्या आठवड्यात तिकडे वादळ झालं, लाइट गेले आणि काकांचा फोन लागेना. पद्मजा रात्रभर लावत होती. तिथल्या शेरिफच्या, म्हणजे पोलिसांच्या ऑफिसात विचारलं, तर ते म्हणाले, आधी मोठे रस्ते साफ होऊ देत, मग आत माणूस पाठवतो. पद्मजा काही बोलली नाही. थर्मास भरला, तिळगुळाचा डबा घेतला आणि गाडीत जाऊन बसली. तुम्हाला सांगतो, बायको बोलत नाही ना, तेव्हा मुकाट्याने निघायचं असतं.

मी धीर दिला, "अगं, आपली फोर बाय फोर आहे. आणि चेनची जोडी आहे मागे." जोडी म्हणालो होतो मी!

पुलापर्यंत ठीक. पुढे आतला रस्ता, बर्फ लोटणारा प्लाऊ फिरकलेला नाही, गाडी फोर बाय फोरमध्ये टाकली, झकास चालली... तळ्याच्या चढापर्यंत. चढाच्या मध्यावर चारही चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी ब्रेक दाबला. ब्रेक दाबलेला, चाकं थांबलेली आणि गाडी चाललेली! मागे. हळूहळू. डावीकडे तळं, गोठलेलं, पण किती गोठलंय हे कोण बघून आलंय? पद्मजाने माझा हात धरला नाही, हँडल धरलं नाही, दोन्ही हातांनी तिळगुळाचा डबा धरला. भीती वाटली हो. ब्रेक बिचारा त्याचं काम करतोय, पण खाली धरायलाच काही नाही, त्याने तरी काय करावं? शेवटी मागच्या बंपरचा कोपरा एका पाइनच्या झाडाला टेकला आणि फांदीवरचा सगळा बर्फ धप्पकन टपावर. मग शांतता, काकांना आवडते ती.

म्हटलं, "काळजी नको, चेन लावतो." उतरलो, डिकी उघडली, पिशवी काढली. चाकं चार, चेन एक.

"दुसरी कुठाय?"

"असेल..."

"असेल म्हणजे? चारू, काकांचा फोन कालपासून बंद आहे."

आणि मग आठवलं. गणपती! आमच्या मराठी मंडळाची मिरवणूक, ट्रेलरवर मूर्ती, चौरंग हलतोय, कुणीतरी ओरडलं, काहीतरी बांधायला द्या. आणि मी दानशूर, पिशवी उघडून उभा. तर गर्दीतून आवाज आला, "एकच द्या, दोन कशाला?" कोण बोललं देव जाणे, ढोल चालू होते. ही आपली सवय बघा, दुसऱ्याची वस्तू न्यायची, पण संकोचाने अर्धी न्यायची!

"म्हणजे विघ्नहर्त्याने नेली?" पद्मजा म्हणाली. "मग परत नाही मागितलीस?"

मंडळाकडे? दिलेली वस्तू परत मागून पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने प्रसाद घ्यायचा?

निघालो चालत. उजेड उतरत चाललेला, पद्मजा पुढे, मी मागे. केबिन दिसली आणि पद्मजा एकदम थांबली. चिमणीतून धूर नव्हता. एवढ्या थंडीत धूर नाही... मग ती पळायलाच लागली, पडली, उठली, परत पळाली. दारापाशी वाऱ्याने कमरेएवढा बर्फ आणून टाकलेला, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. दोघं हातांनी उकरतोय, पद्मजा हाका मारतेय, "काका! काका!" आतून काही नाही. माझे हात थांबले हो एक क्षण. आणि मग बारीक आवाज आला, "ढकलू नका... ओढा."

ओढलं. काका आत तीन रजया घेऊन बसलेले, ओठ निळे, शेगडी थंडगार. लाकडं सगळी बाहेर शेडमध्ये आणि दार उघडत नाही. फोन केव्हाच मेलेला. पद्मजा आधी रडली, मग रागावली, मग गरम चहा पाजून तिळगुळ त्यांच्या तोंडात घातला. मला हळूच म्हणाली, "यांना आत्ता न्यायला हवं."

"गाडी कुठाय जावईबापू?"

"खाली. झाडाला टेकलीये."

"चेन नाही लावल्या?"

"काका, एकच आहे. दुसरी गणपतीत गेली, ट्रेलरला बांधायला."

काका थरथरायचे थांबले. "ती होय? ती शेडमध्ये आहे. गणपतीला ट्रेलर मीच आणला होता ना, चेन तशीच बांधलेली परत आली. मी तेव्हाच म्हणालो होतो तुम्हाला, एकच द्या, दोन कशाला?"

आलं ना लक्षात? जिथे पोहोचायला चेन लागते, तिथे चेन!

काही बोललो नाही. काय बोलणार, संक्रांत होती. पद्मजाने शेगडी पेटवली, मी शेडमधली चेन घेऊन खाली गेलो, बर्फात आडवा झालो, मागच्या दोन्ही चाकांना चेन बांधल्या, गाडी वर आणली, काकांना रजयांसकट आत ठेवलं. उतरताना तळ्याजवळच्या वळणावर मी ब्रेक दाबला, चेन खडखडत बर्फात रुतत गेल्या आणि गाडी जिथे म्हटलं तिथे थांबली. तेव्हा कुठे पद्मजाने डबा खाली ठेवला.

आता काका आमच्याकडेच आहेत, तब्येत उत्तम, शांतता नाही म्हणून तक्रार तेवढी रोज. परवा सकाळी गॅरेजमध्ये आले. "जावईबापू, गणपती जवळ आले. मंडळाला ट्रेलरसाठी चेन हवीये. एकच द्या."

मी पिशवी उचलली आणि तशीच त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "काका, दोन्ही न्या. निदान एकत्र तरी राहतील."